साडीची मजुरी आणि तासांचा हिशेब

येवल्याच्या हातमागावर पैठणीची मजुरी सहसा साडीमागे ठरते. काठ कोणता, पदर किती भरगच्च, त्यात मोर किती, यावरून आकडा निघतो आणि तो ऐकायला मोठा वाटतो. पण ही मजुरी घ्यावी की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. समजा, 24 हजार रुपये ठरले आणि महिन्याला 25 दिवस, दिवसाला 8 तास बसून साडी 3 महिन्यांत उतरली. हे 600 तास, म्हणजे तासाला 40 रुपये. घरातली बाई रोज 2 तास कांड्या भरत, म्हणजे विणायचा धागा कांड्यांवर गुंडाळत असेल, तर ते 150 तास मिळवा. ताणा सांधण्याचे आणि माग लावण्याचे 50 मिळवा. तास 800 झाले, दर 30 रुपयांवर आला. म्हणून विणकराने सौद्याला बसताना साडी नव्हे, घरातल्या सगळ्यांचे तास समोर ठेवावेत आणि तासाचा किमान दर आधी ठरवावा, असे मला वाटते.

तो दर किती असावा? 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा जो हिशेब मांडला, त्यात अन्न आणि घरभाडे यांच्याबरोबर चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार कापडही धरले होते. मजुरी पोटापासून मोजायची असते हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले. तरीही 2019-20 च्या हातमाग गणनेत सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न 5 हजार रुपयांच्या आतच निघाले. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याने नाव राखले जाते, मजुरी नाही.

मजुरी वाढली तर साडी महागेल आणि गिऱ्हाईक यंत्रमागाच्या नकलेकडे वळेल, हा आक्षेप जुना आहे. 1935 मध्ये खादीचे काम करणाऱ्या चरखा संघाने वर्ध्यात ठराव केला, की 8 तास नीट काम करणाऱ्याला निदान पुरेसे अन्नवस्त्र मिळेल एवढी मजुरी द्यावी. खादीचा खप घटेल ही भीती तेव्हाही होती आणि ती निराधार नव्हती. काही गिऱ्हाइके जातीलच. पण जे स्वस्ताईसाठी जातात त्यांना मजुरी पाडूनही अडवता येत नाही, कारण स्वस्ताईत हात यंत्राला कधीच गाठणार नाही. हातमागाच्या पदराची उलटी बाजूही सुलटीसारखी नेटकी असते, ती प्रत्येक रंगाची कांडी हाताने तिथल्या तिथे फिरवून धागे एकमेकांत अडकवल्यामुळे. गिऱ्हाईक ज्यासाठी जास्त पैसे मोजते ती ही गोष्ट वेळातूनच येते. तो वेळ फुकट धरून वस्तू टिकवू म्हटले, तर विणकराची मुले मागावर बसणार नाहीत.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. ज्याच्या डोक्यावर मालकाची उचल आहे आणि घरात दाणा नाही, तो नकार कसा देणार? एकट्याने देऊ शकत नाही, आणि त्याने द्यावा असे सांगणे निर्दयपणाचे होईल. तासांचा हिशेब म्हणूनच घरापुरता ठेवून भागत नाही. नारळी काठाला किती तास, भरल्या पदराला किती, हे गल्लीतल्या विणकरांनी मिळून मोजावे, सरासरी हाताचा वेळ प्रमाण धरावा आणि त्याखालचा सौदा कोणीच करू नये. चपळ हाताचे यात नुकसान नाही, त्याची साडी लवकर उतरते. उचलीसाठी सहकारी पतपुरवठा लागेल. त्याशिवाय हा करार पहिल्या पावसाळ्यातच मोडेल. आणि तासांच्या या हिशेबाच्या वहीत कांड्या भरणाऱ्या बाईचे तास तिच्या नावावर, वेगळ्या रकान्यात लिहिलेले असावेत.