सहा कोटी डॉलरचं मैदान

मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि पेठापेठांतल्या तालमींची ईर्ष्या, एवढंच मला ठाऊक. नोकरीसाठी टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला असलेल्या अ‍ॅलनमध्ये आलो आणि एका शुक्रवारी मित्रानं ‘शाळेची मॅच’ बघायला नेलं. खेळ अमेरिकन फुटबॉलचा, चेंडू लांबोळका. पण मी बघत राहिलो ते स्टेडियम. १८,००० आसनं, आणि तीही एका हायस्कूलच्या टीमसाठी!

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, “शाळेला एवढं कशाला? आधी पोटोबा, मग विठोबा.”

तिचं चुकलं असं म्हणायला मी इतिहास वाचायला बसलो. २००९ मध्ये इथल्या मतदारांनी सुमारे ११.९ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. त्यातल्या जवळपास ६ कोटींतून २०१२ मध्ये ईगल स्टेडियम उभं राहिलं. ‘हेच पैसे शिक्षकांना द्यायचे’ असं आपण पटकन म्हणतो. पण बांधकामासाठी काढलेल्या अशा रोख्यांतून पगार देता येत नाहीत. शिवाय त्याच पैशांत नाट्यगृहही होतं. म्हणजे लोकांना विचारलं होतं, त्यांनी हो म्हटलं होतं. मग प्रश्न मिटला?

नाही. रोखे म्हणजे कर्ज, आणि ते वर्षानुवर्षं फिटतं. तेव्हा बालवाडीत असलेली पोरं मोठी होऊन इथंच राहिली, तर तीही ते फेडणार. मी व्हिसावर आहे, मला मत नाही. पण घरभाड्यातून मालमत्ता कर जातोच. ‘बहुमतानं ठरलं’ हे उत्तर ज्यांना विचारलंच नाही त्यांच्यासाठी अपुरं आहे.

त्यात २०१४ च्या फेब्रुवारीत काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून स्टेडियम बंद झालं. उघडलं २०१५ मध्ये. मधला अख्खा हंगाम टीम परक्या मैदानांवर खेळली, एकही सामना न हरता राज्याची विजेती ठरली.

मला हा सगळ्यात अवघड पुरावा वाटतो. जिंकायला हे मैदान लागतच नव्हतं. मग ते कशासाठी? मॅचच्या मध्यंतरात शाळेचा शेकडो मुलांचा बँड मैदानात उतरला, तेव्हा शेजारची आजी नातीला शोधत उभी राहिली. ती स्कोअर बघत नव्हती. गावानं एकत्र बसायला जागा बांधली होती. एवढं कारण मला पुरेसं वाटतं. फक्त ते मतदानाच्या वेळी तसंच सांगावं. ‘मुलांच्या प्रगतीसाठी’ म्हणून मोठ्यांनी स्वतःची हौस भागवू नये.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “विठोबाला माझी ना नाही रे. पण उधारीवर वारी करायची, तर फेडणाऱ्याला आधी सांगावं.”

पुढच्या शुक्रवारचं तिकीट मी काढलंय. भाड्यातून एकदा भरलेच आहेत, आता खिशातूनही.