आपला संघ, बाहेरचा गडी

‘आपण जिंकलो’ असे म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाही बॅट हाती धरलेली नसते, आणि तरीही त्याच्या म्हणण्यात लबाडी नसते, ही मनुष्यस्वभावातील एक मौजेची गोष्ट आहे. नागभीड हे धानाच्या मुलखातले गाव. नागपूर येथून शंभरेक किलोमीटरांवर. तिकडे जाणारी छोटी गाडीही रुंद रुळांच्या कामासाठी २०१९ साली बंद झाली. परंतु येथील शिक्षक, कारकून आणि दुकानदार विदर्भाच्या रणजी संघाविषयी बोलू लागले, की ‘आपला संघ’ याहून निराळा शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही. या ‘आपला’ शब्दाचा अर्थ काय, आणि त्या आपल्यांत बाहेरचा गडी आणून बसवावा की नाही, या प्रश्नावर चहाच्या दुकानांतून जो वाद होतो तो वरवर पाहता रिकामटेकड्यांचा वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाही. न्याय, कृतज्ञता आणि निष्ठा या तीन गोष्टींविषयी आपली खरी मते काय आहेत, हे माणूस ग्रंथ वाचून बोलतो तेव्हा जितके कळत नाही, तितके अशा वादात कळते.

वादाचे निमित्त वाचकांस ठाऊक असेलच. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर जामठ्याच्या मैदानावर विदर्भ आणि केरळ यांच्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला. विदर्भाचे तीन गडी अवघ्या २४ धावांत परतले असता दानिश मालेवार या नागपूरच्या एकवीस वर्षांच्या तरुणाच्या जोडीला करुण नायर उभे राहिले, आणि दोघांनी २१५ धावांची भागी केली. मालेवारांनी १५३ धावा काढल्या, नायर ८६ वर धावचीत झाले. दुसऱ्या डावात नायरांनी १३५ केल्या. सामना अनिर्णित राहिला, तरी पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. आता हे नायर कोण? जन्म जोधपूरचा, घराणे मल्याळी, क्रिकेट सारे कर्नाटकातले. २०१६ साली चेन्नईस इंग्लंडविरुद्ध त्यांनी कसोटीत नाबाद ३०३ धावा केल्या होत्या. पुढे कर्नाटकाच्या संघातही त्यांस जागा उरली नाही, तेव्हा २०२३ साली ते विदर्भाकडे आले. आणि समोर केरळच्या बाजूने कोण खेळत होते? आदित्य सरवटे! म्हणजे २०१९ च्या अंतिम सामन्यात याच नागपुरात सौराष्ट्राचे अकरा गडी बाद करून विदर्भास दुसरा करंडक मिळवून देणारे आमचेच फिरकी गोलंदाज. मल्याळी घरचा मुलगा विदर्भासाठी केरळशी झुंजतो आहे, आणि नागपूरचा मुलगा केरळसाठी विदर्भाशी. कादंबरीकाराने असे कथानक रचले असते तर आम्ही त्यास ओढूनताणून आणलेले म्हटले असते.

बाहेरचा गडी आणू नये, असे म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हलका नाही. संघात जागा अकराच. त्यांतील एकीवर पाहुणा बसला, की येथील एक मुलगा उठला. त्या मुलाने वयाच्या दहाव्या वर्षापासून उन्हातान्हात मेहनत केलेली असते. त्याच्या बापाने कर्ज काढून त्यास शहरात ठेवलेले असते. आणि संधीचे वय तर चार-पाच वर्षांहून अधिक टिकत नाही. पाहुण्याचे शतक साऱ्यांस दिसते, उठविलेल्या मुलाचे न झालेले शतक कोणासच दिसत नाही. हिशेबात जी बाजू दिसत नाही तीच बहुधा खरी किंमत असते, हे आम्ही मान्य करतो.

परंतु येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. उठविलेला तो मुलगा ‘आपला’ म्हणजे नेमका कोठला? नागभीडच्या, सिंदेवाहीच्या किंवा ब्रह्मपुरीच्या मुलास क्रिकेटात नाव काढावयाचे तर घर सोडून नागपुरास जावे लागते, आणि तेथे तो बाहेरगावचाच ठरतो. बंगळूरच्या माणसाविरुद्ध नागपूरकर जो युक्तिवाद करतात, तोच शब्दाचाही फरक न करता नागपूरविरुद्ध आम्हांस करता येईल, आणि आमच्याविरुद्ध जंगलाकाठच्या एखाद्या टोल्यावरील मुलास करता येईल. ‘आपला’ हे वर्तुळ बोलणारा स्वतःच्या पायांभोवती आखतो, आणि बहुधा ते स्वतःच्या सोयीइतकेच मोठे आखतो. म्हणून केवळ जन्मस्थळाच्या आधारे कोणास परका म्हणण्यास आमचे मन घेत नाही.

याच्या उलट पक्षाचा युक्तिवाद उपयुक्ततेचा आहे. मोठा खेळाडू आला म्हणजे लहान शिकतात, संघाचा दबदबा वाढतो, विजय मिळतो. यात तथ्य आहे. मालेवारांस त्या दिवशी समोरच्या टोकावर नायरांचा आधार मिळाला नसता तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. त्याच हंगामात यश राठोड यांनी ९६० धावा काढल्या आणि हर्ष दुबे यांनी ६९ गडी बाद करून एका हंगामातील बळींचा विक्रम केला; दोघेही याच मातीतले. पाहुण्यांच्या सावलीत घरची झाडे खुरटतात, हे म्हणणे या हंगामापुरते तरी खोटे ठरले. तथापि उपयुक्ततेच्या युक्तिवादाविषयी आम्हांस एक भीती वाटते. तो फार सिद्ध करतो. विजय मिळतो म्हणून एक गडी आणणे योग्य, तर अकरा आणणे अकरापट योग्य का नव्हे? इराणचे मोहम्मदरेझा शादलू १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणकडून हरियाणाशी खेळले आणि पुण्यास कबड्डीच्या व्यावसायिक लीगचे पहिले अजिंक्यपद मिळाले. त्याच वर्षीच्या २९ डिसेंबरास ते हरियाणाकडून खेळले आणि तेथेही अजिंक्यपद आले. एका पंचांगाच्या आत दोन प्रांतांनी त्यांस आपला म्हटले! खेळाडूचा यात तिळमात्र दोष नाही; लिलावात बोली लागते तेथे तो जातो. परंतु विजय हाच जर आपलेपणाचा पुरावा, तर तो पुरावा वर्षभरही टिकत नाही, एवढे यातून दिसते.

ही गोष्ट नवी आहे असेही कोणी समजू नये. विदर्भाचा स्वतंत्र रणजी संघ १९५७ पासूनचा. त्याआधीच नागपूरने आपला सर्वांत थोर क्रिकेटपटू बाहेर दिला होता. सी. के. नायडू १८९५ साली नागपुरात जन्मले, तेथेच वाढले, आणि १९२३ साली तुकोजीराव होळकरांच्या बोलावण्यावरून इंदुरास गेले. पुढे होळकर संघाचे ते कर्णधार झाले, आणि त्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. इंदूरकरांनी त्यांस नागपूरचा पाहुणा मानल्याचे आमच्या वाचनात नाही. ते त्यांचेच झाले. मात्र याच संघाकडून १९४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध डेनिस कॉम्प्टन हेही खेळले. लष्करी नोकरीनिमित्त महूस असलेला हा इंग्रज फलंदाज दुसऱ्या डावात नाबाद २४९ धावा काढून गेला आणि होळकर संघ तरीही ३७४ धावांनी हरला. कॉम्प्टन पुढे गमतीने सांगत, की शंभरावरील प्रत्येक धावेस पैसे देण्याचे कबूल केलेला एक धनिक सामन्यानंतर तातडीच्या कामाचे निमित्त सांगून गावाबाहेर निघून गेला होता. गोष्ट खरी असो वा रंगविलेली असो, कॉम्प्टन आणि नायडू यांच्यातला फरक तीत नेमका उतरला आहे. एकाचा हिशेब धावांशी होता, दुसऱ्याचा गावाशी.

मग आपलेपणा कशाने येतो? आमच्या मते तो जन्माने येत नाही आणि धावांनीही येत नाही. माणूस ज्या दिवशी हिशेबाबाहेरचे काही करतो त्या दिवशी येतो. वसीम जाफर २०१५ साली मुंबई सोडून विदर्भाकडे आले. मध्ये एक हंगाम दुखापतीमुळे वाया गेला, तरी ठरलेले मानधन त्यांस मिळाले. पुढच्या, म्हणजे २०१७-१८ च्या हंगामात ते मानधनावाचून खेळले. तोच विदर्भाच्या पहिल्या करंडकाचा हंगाम. पुढील वर्षी चाळिशी उलटलेल्या या गृहस्थांनी हजारावर धावा काढल्या आणि करंडक पुन्हा आणला. मुंबईचा हा माणूस आमचा नव्हे, असे नागभीडात आज कोणी म्हणून पाहावे! कृतज्ञता येथे दोन्ही बाजूंनी वाहिली: संघाने जखमी गड्याचा शब्द पाळला, गड्याने ते मनात ठेवले. करारनाम्याच्या कागदावर यातील एकही गोष्ट लिहिलेली नव्हती.

निष्ठेच्या बाबतीत मात्र आम्ही रसिक लोक फारसे सरळ वागत नाही. नायर आले तेव्हा त्यांनी कर्नाटक सोडले याचे आम्हांस वाईट वाटले नाही. २०२५ साली ते कर्नाटकास परतले तेव्हा मात्र मनास लागले. त्याच वर्षी अमरावतीचे जितेश शर्मा बडोद्याकडे गेले. त्याआधी, २०१८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद करणारे रजनीश गुरबानी महाराष्ट्राकडे गेले. ‘गेले’ हा शब्द त्यांच्याबाबत आम्ही ज्या सुरात उच्चारतो, त्या सुरात ‘आला’ हा शब्द कधी उच्चारीत नाही. आमच्याकडे पाडव्यास सालगड्याचे वर्ष भरते. साल संपले आणि तो दुसऱ्या वाड्यावर गेला, तर शहाणा धनी त्यास बेइमान म्हणत नाही. त्याचा हिशेब चुकता करून भाकर देऊन निरोप देतो. संघ खेळाडूस वगळतो तेव्हा ‘कामगिरी’ हा शब्द वापरतो, आणि खेळाडू संघास सोडतो तेव्हा ‘निष्ठा’ हा शब्द काढतो. दोन पक्षांस दोन तराजू लावणारा व्यापारी बाजारात टिकत नाही. रसिक मात्र मजेत टिकतात.

येथवर वाचून कोणास वाटेल, की आम्ही बाहेरच्या गड्याचे सरसकट पक्षपाती आहोत. तसे नाही. प्रांताच्या संघाबाबत जे म्हटले ते गावच्या मंडळास लागू करण्यास आमचा विरोध आहे, आणि खरे सांगावयाचे तर आमच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. धान निघाले, की या मुलखात शंकरपट, मंडई, नाटके आणि कबड्डीचे सामने यांचा हंगाम सुरू होतो. गावचे मंडळ वर्गणी जमविते, आणि बक्षिसाचा आकडा मोठा असला म्हणजे कोणी तरी सुचवितो, की चढाईस एक-दोन गडी बाहेरून आणावे. आणतात. संघ दोन फेऱ्या पुढे जातो. आणि ज्या मुलाने चार महिने संध्याकाळी शेतावरून येऊन अंगास माती लावली, तो अंगात मंडळाची बनियन घालून रेषेबाहेर पाण्याची बाटली धरून उभा राहतो.

प्रांताचा संघ उत्तम क्रिकेट दाखविण्यासाठी असतो. तेथे वगळलेल्यास दुसरे मैदान, दुसरा संघ, निदान दुसरे वर्ष असते. गावचा संघ कशासाठी असतो? गाव खेळावे यासाठी. तेथे वगळलेल्या मुलास दुसरे काहीच नसते. त्या पोराच्या घरूनही वर्गणी गेलेली असते, म्हणजे स्वतःस बाहेर बसविण्याचा खर्च त्याने स्वतःच भरलेला असतो! झाडीपट्टीच्या नाटकाचे असेच काहीसे झाले. पूर्वी गावची मुले रात्र रात्र तालीम करून नाटक उभे करीत. आज वडशाच्या कंपन्यांस ठराविक रक्कम देऊन नाटक आणतात, आणि त्यांतूनही मुंबई-पुण्याचा नट असला तर गर्दी अधिक. या धंद्यावर शेकडो कलावंतांची चूल पेटते. तो बुडावा असे आम्ही कधीही म्हणणार नाही. परंतु तालमीच्या निमित्ताने ज्या गावात पाटलाचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एका कंदिलाखाली बसून पाठांतर करीत, त्या गावात आता दोघेही तिकीट काढून निरनिराळ्या ठिकाणी बसतात. हेही हिशेबात धरले पाहिजे.

म्हणून मंडळाच्या बैठकीत बाहेरच्या गड्याचा ठराव येईल तेव्हा आमचे मत विरुद्ध पडेल. बहुमत झाले तर आम्ही ते मानू. मात्र एक अट घालू. ज्या मुलाची जागा जाणार त्यास बैठकीस बोलवावे, आणि त्याच्या देखत ठराव मांडावा. त्याच्या तोंडावर कारण सांगण्याचे धैर्य ज्यांच्यापाशी असेल त्यांनी खुशाल गडी आणावा. आमचा अनुभव असा, की ही अट ऐकल्यावर बरेच सभासद घड्याळाकडे पाहू लागतात.

जामठ्याच्या त्या सामन्यातील एक प्रसंग मात्र आम्हांस अद्याप सुटलेला नाही. २ मार्च २०२५, शेवटचा दिवस. आदल्या दिवशी १३२ वर नाबाद राहिलेले नायर पुन्हा खेळावयास आले, तीन धावा काढल्या, पुढे सरसावले आणि यष्टिचीत झाले. गोलंदाज होते सरवटे. विदर्भाचा गडी पडला होता, आणि तो विदर्भाच्याच मुलाने टिपला होता. नागभीडच्या एका दुकानात दूरदर्शनसंचापुढे बसलेल्यांपैकी दोघांनी टाळ्या वाजविल्या. एक नायरांच्या खेळीसाठी वाजवीत होता, दुसरा सरवट्यांच्या चेंडूसाठी, आणि दोघेही एकमेकांस ‘आपला तो आपलाच’ असे बजावीत होते.