सही जुळत नाही

मार्च महिन्यात बँकेतल्या माणसाला संसार नसतो. म्हणजे असतो, पण तो पुढच्या आर्थिक वर्षात ओढलेला असतो. २०२४ साली तर ३१ मार्च नेमका रविवारी आला आणि सरकारी व्यवहार पाहणाऱ्या शाखा त्या दिवशीही उघड्या ठेवाव्यात, असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम सुटला. रविवारी सकाळी डबा घेऊन निघालेल्या बापाकडे आमच्या चिरंजीवांनी एकदा पाहिलं आणि हातातला कागद पुन्हा दप्तरात घातला. हे दृश्य मला आता स्वच्छ दिसतं. तेव्हा दिसलं नाही. तेव्हा मला स्कूटरची किल्लीसुद्धा दिसत नव्हती.

चिरंजीव तेव्हा सातवीत होते. सहावी, सातवी, आठवी या यत्तांना सरकार ‘उच्च प्राथमिक’ म्हणतं. घरात आपण ‘धड लहान नाही, धड मोठं नाही’ म्हणतो. पहिलीतल्या मुलाचं सगळं आईबापांना ठाऊक असतं, दहावीतल्या मुलाचं सगळ्या गल्लीला. ह्या मधल्या मुलाचं कोणालाच काही ठाऊक नसतं. म्हणून शाळा बिचारी पालकांना कळवत राहते, आणि वर्ष संपायला आलं की हे कळवणं उतू जाऊ लागतं.

पालकांचा मोबाईलवर एक ग्रुप असतो. त्यावर सकाळची शाळा कधीपासून ते येतं, संकलित चाचणीचं वेळापत्रक येतं, मग सुधारित वेळापत्रक, मग सुधारित वेळापत्रकातली चूक. वाचनालयाची पुस्तकं परत करा. निकाल १ मेला, झेंडावंदनानंतर. व्हरांड्यात एका पायातला बूट सापडला आहे, ज्याचा असेल त्यानं दुसरा दाखवून घेऊन जावा. प्रत्येक निरोपाखाली बत्तीस पालक ‘ओके मॅडम’ म्हणतात आणि तेहतिसावा विचारतो, ‘मॅडम, निकाल कधी?’

मी एवढंही लिहीत नाही. उघडतो, अंगठा दाखवतो, बंद करतो. आमच्या धंद्यात अंगठा कोण लावतो हे तुम्हाला सांगायला नकोच. बरं, निरक्षर खातेदाराचा अंगठा घेण्याआधी आम्ही कागदात काय लिहिलंय ते त्याला वाचून दाखवतो, वर साक्षीदार घेतो. मी बी.कॉम. असल्यामुळे माझ्या बाबतीत ही काळजी कोणी घेतली नाही.

माझ्या वडिलांचं असं नव्हतं. १९९२ च्या सुमारास मी सातवीत होतो. शाळेचा निरोप वहीत लिहून यायचा, वर्षातून फार तर चारदा, आणि आला की घरात कोणीतरी गेल्यासारखी शांतता पसरायची. वडील चहा संपवत, चष्मा पुसत, आणि प्रगतिपुस्तक शाळेच्या बोधवाक्यापासून वाचायला घेत. शेवटच्या पानावरच्या छापखान्याचं नावही ते सोडत नसत. मग फाउंटनपेननं सही. ‘वाचलं’ असं ते तोंडानं कधी म्हणाले नाहीत. ती सही म्हणजेच ‘वाचलं’.

आणि आता वीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून लोकांना ‘कळवतो’ आहे. परवा एक आजी आल्या. खात्यातून पैसे कापले गेले होते. “मला कोणी सांगितलं नाही रे बाबा.” मी म्हटलं, “आजी, मेसेज गेलाय. शिवाय बोर्डावर लावलंय.” बोर्ड खांबाच्या मागे आहे आणि खांबासमोर पासबुक छापायचं मशीन आहे, पण लावलंय. आमच्याकडे कळवणं म्हणजे समोरच्याला कळणं नव्हे, आपण मोकळं होणं. कायदाही थोडाफार आमच्याच बाजूचा. १८९७ सालचा एक कायदा आहे, त्याप्रमाणे नीट पत्ता घालून, तिकीट लावून पत्र रजिस्टर पोस्टानं टाकलं की उलट काही सिद्ध होईपर्यंत ते पोचलं असंच धरतात. आजींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग परत कधी मिळणार?”

असा मी १ मेला झेंडावंदन आटोपून शाळेत निकाल घ्यायला गेलो. सातवीत नापास होण्याची भीती नसते, ती २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं काढून टाकली आहे. त्यामुळे मी खुशीत होतो. गणितात ब-२ होतं, म्हणजे शंभरात एकसष्ट ते सत्तर. खानदानाला साजेसं. बाईंनी प्रगतिपुस्तक दिलं आणि फायलीतून एक कागद काढला. “आठवीच्या तुकड्या यावरूनच पाडणार आहोत, एकदा बघून घ्या. सही तुमचीच ना?”

आमच्या बोर्डात आठवीपासून भाषेचा पर्याय निवडावा लागतो. हिंदी संपूर्ण, संस्कृत संपूर्ण, नाहीतर दोन्ही अर्धं अर्धं, म्हणजे संयुक्त, पन्नास-पन्नास मार्कांचं. मुलगा संस्कृत संपूर्ण घेणार, हे मी बँकेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मार्क भरपूर पडतात म्हणून, आणि स्वतःला जमलं नाही म्हणून. कागदावर खूण होती ‘संयुक्त’पुढे. खाली सही होती माझी.

सही उत्तम होती. चिरंजीवांनी ती तिसरीतल्या प्रगतिपुस्तकावरून घेतली होती, तेव्हा मी बापपणाच्या नव्या उत्साहात सही मन लावून करत असे. हल्ली माझ्या सहीतलं आडनाव मार्च महिन्यात गळून पडतं. तो कागद आणि माझा परवाचा चेक शेजारी ठेवून कोणी मलाच विचारलं असतं, तर मी चेक परत पाठवला असता. शेरा: सही जुळत नाही.

बाई वाट पाहत होत्या. चिरंजीव भिंतीवरचा नकाशा बघत होते, त्यात त्यांना कधीही रस नव्हता. ‘नाही’ म्हणावं तर पोरगा तेराव्या वर्षी फोर्जरीत अडकतो. ‘हो’ म्हणावं, तर ज्या एका गोष्टीसाठी वीस वर्षं पगार घेतला तीच खोटी ठरते. खोटी सही खातेदारानं मागाहून प्रेमानं कबूल केली म्हणून खरी होत नाही, असं आम्हाला परीक्षेत घोकायला होतं.

“हो,” मी म्हटलं. “माझीच.”

घरी येताना स्कूटरवर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागून आवाज आला.

“बाबा, मी तीनदा विचारलं होतं.”

“मी काय म्हणालो?”

“एकदा ‘बघू’. एकदा ‘आईला विचार’. आणि एकदा ‘कर काहीतरी, पण आता नको’. शेवटची तारीख होती.”

“म्हणून सही करायची?”

“तुम्ही न वाचताच केली असती. मी सगळं वाचून केली. मागची बाजूसुद्धा.”

मी स्कूटर बाजूला घेतली. पेट्रोल संपलं असावं असा चेहरा केला, पण ते भरलेलं होतं.

घरी ग्रुप उपसला. २८ मार्चचा निरोप सापडला. ‘भाषेच्या पर्यायाबाबत पालकांनी मुलांशी बोलून निर्णय घ्यावा.’ त्याखाली बत्तीस ‘ओके मॅडम’ आणि एक अंगठा. माझा.

आता मला सांगा, खोटी सही कोणती? ज्याच्या हातची नाही ती खोटी, हे आम्ही जाणतो. पण ज्याच्या डोळ्यांखालून काही गेलंच नाही, त्याच्या हातची? चिरंजीवांच्या सहीत हात परका होता, एवढंच. बाकी वाचणं, विचार करणं, तारीख सांभाळणं हे जे सहीच्या पोटात असावं लागतं ते सगळं होतं. माझ्या अंगठ्यात नुसता अंगठा होता. १९८७ साली सुप्रीम कोर्टानं एका खटल्यात निकाल दिला आहे. कंपनीच्या हिशेबनीसानं खोट्या सह्या करून चेक वटवले होते. बँक म्हणाली, पासबुकं वेळच्या वेळी दिली होती, मालकानं बघायला नकोत? कोर्ट म्हणालं, तसं बंधन खातेदारावर नाही, नुकसान बँकेचं. हा निकाल मी सौ.ला मोठ्या आशेनं ऐकवला. कळवलं म्हणजे कळलं असं नाही, हे साक्षात सुप्रीम कोर्ट म्हणतं!

सौ. भाजी निवडत होती. म्हणाली, “तुम्ही खातेदार कसे? तुम्ही बाप आहात.” आणि पुढे, “तुमचं सगळं खरं. पण बाईंसमोर तुम्ही ‘हो’ म्हणालात, तेव्हा तो तुमच्याकडे बघत होता. उद्या त्यानं चेकवर केली म्हणजे?”

याला माझ्याकडे खटला नव्हता. अजून नाही. त्या वेळी खरं बोललो असतो तर मुलाची लाज गेली असती, खोटं बोललो तर माझी कोणाला दिसली नाही, आणि ते सोपं होतं म्हणून मी ते केलं, मुलावरच्या मायेनं नव्हे. रात्री त्याला बोलावलं. म्हटलं, सही पुन्हा करायची नाही. तो ‘बरं’ म्हणाला. मग मी विचारलं, “संयुक्त का?” हा प्रश्न विचारायला मार्चमध्ये दोन मिनिटं लागली असती. आता पाऊण तास लागला. संस्कृत संपूर्णची तुकडी वेगळी पडते, आणि ज्या मित्राबरोबर तो बालवाडीपासून बाकावर बसतो तो तिकडे जाणार नव्हता. हे कारण मला पटलं नाही. तुकडीसाठी भाषा निवडतात का? मग आठवलं, मी कॉमर्स कशासाठी घेतलं होतं ते. आठवलं ते मुलाला सांगितलं नाही. एक मात्र केलं. दुसऱ्या दिवशी बाईंना भेटून ‘ती सही माझी नव्हती, पण पर्याय तोच ठेवा’ असं सांगून आलो. बाई म्हणाल्या, “मला माहीत होतं. तुमची सही इतकी चांगली कुठे येते?”

जूनमध्ये शाळा सुरू झाली. तिसऱ्याच दिवशी चिरंजीवांनी एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला. मी चहा संपवला. चष्मा पुसला. शाळेच्या बोधवाक्यापासून सुरुवात केली. बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवू लागला.

“बाबा, सही करा ना, उशीर होतोय.”

“थांब. मागची बाजू राहिलीय.”

“बाबा, युनिफॉर्मचं माप आहे ते!”

मी कागद उलटला. मागे शिंप्याच्या दुकानाचा पत्ता होता. तोही वाचला.