हिरव्या नावाची किंमत

मे 2014 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेल्या चाचण्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. डिझेल गाड्यांच्या डिकीत मोजणीची यंत्रं बसवून त्यांनी त्या रस्त्यावर पळवल्या होत्या. एक तर लॉस एंजेलिसहून सिएटलला नेऊन परत आणली. तीनपैकी दोन गाड्या मर्यादेच्या कित्येक पट नायट्रोजन ऑक्साइड ओकत होत्या, त्यातली एक 15 ते 35 पट. दोन्ही फोक्सवॅगनच्या, पण अहवालात कंपनीचं नाव नव्हतं. अहवाल कोणालाही वाचता येत होता, तरी फारशी बोंब झाली नाही. तक्त्यांची बातमी होत नाही, पुरस्काराची होते. याच कंपनीची डिझेल जेट्टा 2009 ची ‘ग्रीन कार ऑफ द इयर’ ठरली होती. सप्टेंबर 2015 मध्ये डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकानं कंपनीला वाहन उद्योगात पहिलं स्थानही दिलं.

त्याच महिन्याच्या 18 तारखेला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं फोक्सवॅगनचं नाव घेतलं. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर आवरणारं सॉफ्टवेअर जगभरात 1 कोटी 10 लाख गाड्यांत होतं. पाच दिवसांत मुख्य कार्यकारी अधिकारी मार्टिन विंटरकॉर्न पायउतार झाले. निर्देशांकातून नाव गेलं, पुरस्कारही गेला. पुण्यातल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या चाचण्यांनंतर भारतातही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी बोलवाव्या लागल्या.

तेव्हा सगळे म्हणाले, कंपनीची अब्रू गेली. गेली खरी, पण कोणाच्या लेखी? 2016 मध्ये याच समूहानं कोटीहून जास्त गाड्या विकून टोयोटाला मागे टाकलं. गिऱ्हाइकाला हप्ता आणि मायलेज दिसतं. धूर मागच्याच्या नाकात जातो. कंपनीला चटका बसला तो खटल्यांचा आणि दंडाचा. नुसत्या मथळ्यांनी एवढं झालं असतं, असं मला वाटत नाही. पण मथळे कुचकामी होते असंही नाही. ते उशिरा आले, आणि त्याआधी याच माध्यमांनी कंपनीची हिरवी प्रतिमा फुकटात रंगवून दिली होती.

आपल्याकडे आता सेबीच्या नियमानं बाजारमूल्यात पहिल्या हजार कंपन्यांना वीज, पाणी, कचरा यांचे आकडे दरवर्षी द्यावे लागतात, मागच्या वर्षीच्या आकड्यांशेजारी. ते दोन रकाने ताडून पाहायला बातमीदाराची एक दुपार जाते. वृक्षारोपणाच्या फोटोसोबतची प्रेसनोट पाच मिनिटांत पानावर लागते, आणि बहुतेक वेळा तीच लागते.