पाण्यात काहीच दिसले नाही

वडोदऱ्याचे एक परिचित कुटुंब डिसेंबरच्या अखेरीस मालवणला जाऊन आले. समुद्राखाली उतरायचे, स्कूबा डायव्हिंग करायचे, हा बेत त्यांनी सहा महिने मनात जपला होता. परत आल्यावर गृहस्थ एवढेच म्हणाले, "पैसे पाण्यात गेले. अगदी शब्दशः."

त्यांची हकीकत ऐकली की राग येणे स्वाभाविक वाटते. नाताळच्या सुटीमुळे किनाऱ्यावर जत्रा भरल्यासारखी गर्दी. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात होडीला होडी लागलेली. पाळी येण्यासाठी दोन तास उन्हात बसणे. आधीच्या माणसाने नुकताच उतरवलेला ओला पोशाख अंगावर चढवायचा, आणि त्याने तोंडात धरलेली नळी बादलीतल्या पाण्यात बुडवून आपल्या हाती दिली जाणार. वीस मिनिटे म्हणून सांगितले होते, मिळाली आठ. मार्गदर्शक मुलाने पाठीमागून धरून खाली नेले. पाणी हिरवट, गढूळ. हातभर अंतरापलीकडे काही दिसेना. वर आल्यावर गृहस्थांनी विचारले, "अरे दादा, मासे कुठे आहेत?" तो म्हणाला, "काका, थांबा, पाव टाकतो." पुन्हा खाली नेऊन त्याने हातात पावाचा तुकडा दिला. काळ्या पट्ट्यांचे दहा-बारा मासे आले, त्यांनी पाव टिपला, कॅमेऱ्यात ते चित्रित झाले, आणि पुढच्या माणसाची पाळी आली. चित्रणात गृहस्थ अंगठा वर करून दाखवत आहेत. पाणबुड्यांच्या खुणांच्या भाषेत त्याचा अर्थ 'मस्त' असा नसून 'मला वर न्या' असा होतो, ही गंमत त्यांना नंतर कळली.

त्याच रात्री त्यांनी इंटरनेटवर पाचपैकी एक तारा दिला आणि लिहिले, "काहीच दिसले नाही. मासे नाहीत, प्रवाळ नाहीत. जाऊ नका."

अशा प्रसंगी अध्यात्माची आवड असलेला माणूस पटकन सांगून मोकळा होतो की अपेक्षा सोडा, दुःख संपेल. हे उत्तर फार लवकर आलेले असते. त्या गृहस्थांच्या रागात दोन वेगवेगळ्या तक्रारी मिसळल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिली तक्रार माणसाची माणसाशी आहे. वीस मिनिटांचे पैसे घेऊन आठ मिनिटे देणे ही बारा मिनिटांची चोरी आहे. बादलीत बुडवलेली नळी हा आरोग्याचा प्रश्न आहे. आणि घाई तर सरळ धोक्याची आहे. पाण्याखाली श्वास रोखून धरू नये, हा या विद्येचा पहिला नियम. खोलवरच्या दाबाखाली छातीत भरलेली हवा वर येताना फुगत जाते. श्वास रोखलेला असेल तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, पण ही इजा त्याहून कितीतरी उथळ पाण्यातही संभवते. हे समजावून घ्यायला किनाऱ्यावर शांत बसून वेळ द्यावा लागतो. तो दिला नसेल, तर तिथेच, त्याच वेळी, स्पष्ट शब्दांत बोलणे हे कर्तव्य आहे. कारण आपल्यामागे आणखी शंभर जण रांगेत उभे असतात. पतंजलींनी संतोष सांगितला तो नियमांमध्ये; अहिंसा, सत्य आणि अस्तेय त्याआधी यमांमध्ये येतात. संतोषाच्या नावाखाली अन्याय गिळायला सांगणे म्हणजे हा क्रम उलटा करणे होय. ग्राहकाला 'समाधानी राहा' असे सांगणारा बहुधा त्याचे सुटे पैसे परत द्यायला विसरलेला असतो!

दुसरी तक्रार समुद्राशी आहे. पाणी गढूळ का? मासे का आले नाहीत? प्रवाळ रंगीत का नव्हते?

समुद्राने यातले काहीच कबूल केले नव्हते. तारकर्लीच्या दक्षिणेला देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते. नदी गाळ आणते, भरती-ओहोटी तो ढवळते. पाण्यात सूक्ष्म जीवांची दाटी झाली की तेही धूसर होते, आणि त्याच सूक्ष्म जीवांवर मासळीची सारी साखळी पोसलेली असते. पाणी धूसर आहे म्हणजे समुद्र उपाशी नाही. आपल्याला जो दोष वाटला, ते तिथल्या जिवांचे अन्न होते.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की गृहस्थांनी लेखी तक्रार केली ती फक्त ही दुसरी. बादली नाही, आठ मिनिटे नाहीत, घाई नाही. यात मला आश्चर्य वाटत नाही. पहिली तक्रार करायची तर समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून बोलावे लागते. आणि खरे सांगायचे तर ती मनाला तेवढी लागलेलीही नसते. मनाला लागते ते मनातले चित्र मोडल्याचे.

हे चित्र आले कुठून? जाहिरातीतले निळेशार पाणी बहुतेक वेळा तांबड्या समुद्राचे किंवा मालदीवचे असते. पण त्याहून विचित्र गोष्ट अशी की ते रंग तिथेसुद्धा डोळ्यांना तसे दिसत नाहीत. पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते. त्यामुळे खाली गेल्यावर लाल प्रवाळही करड्या-निळसर छटेचा वाटतो. छायाचित्रकार प्रखर दिवा घेऊन उतरतो किंवा नंतर संगणकावर रंग भरून काढतो, तेव्हा ते लाल-केशरी चित्र तयार होते. म्हणजे ज्या दृश्यासाठी आपण तळमळतो, ते समुद्राकाठी जन्मलेल्या माणसानेही नुसत्या डोळ्यांनी पाहिलेले नाही. आपण मृगजळ म्हणतो ते वाळवंटातच असते असे नाही.

गृहस्थांच्या पत्नीचा अनुभव वेगळा होता. त्यांना पोहता येत नाही, लहानपणापासून पाण्याची भीती. त्याच गढूळ पाण्यात, तेवढीच आठ मिनिटे, त्याच मुलाचा हात धरून त्या उतरल्या आणि वर आल्या त्या हसत. म्हणाल्या, "आत माझाच श्वास मला एवढा मोठा ऐकू येत होता! बाकी काही नव्हतेच." त्यांना थोर साधिका ठरवण्याचे कारण नाही. त्या मनात चित्र घेऊन गेल्या नव्हत्या, इतकेच. पुढच्या वर्षी अंदमानला गेल्या तर मालवणचा हा श्वासच त्यांचे चित्र होऊन सोबत येईल, आणि तो तसा ऐकू आला नाही म्हणून त्याही खट्टू होतील. अपेक्षारहितता एकदा योगायोगाने लाभणे आणि ती अंगी बाणणे यांत मोठे अंतर आहे.

येथवरचा विचार पुष्कळांनी मांडलेला आहे. पण अपेक्षाभंग ही केवळ आपल्या मनातली, खासगी गोष्ट आहे असे समजून आपण थांबतो. ती मनात राहत नाही. ती बाहेर पडते, एक तारा होते, मागणी होते, आणि मग समुद्रात उतरते.

"मासे कुठे आहेत?" या प्रश्नाला त्या मुलाने दिलेले उत्तर पुन्हा पाहा. पाव हे माशाचे अन्न नाही. पण ज्याच्या आठ मिनिटांत मासा दिसला नाही तो तक्रार करतो, आणि तक्रार झाली की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक शेजारच्या होडीत बसते. म्हणून पाव. खडकावरचे शेवाळ खाणारे, पाण्यातले सूक्ष्म जीव टिपणारे मासे माणसाच्या हाताभोवती घोटाळायला शिकतात. शेवाळ खाणारे मासे आपले काम सोडतात तेव्हा शेवाळ वाढते आणि प्रवाळाची जागा घेते. मोठ्या घुमटासारखे प्रवाळ वर्षाला एखादा सेंटिमीटर वाढतात. नवख्याचा एक पाय टेकला किंवा होडीचा नांगर पडला तर कित्येक वर्षांची वाढ क्षणात जाते. मालवणचा हा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि किल्ल्याभोवतीचे पाणी त्याच्या गाभ्यात येते. प्रवाळ दिसले नाहीत म्हणून रागावलेला माणूस आपल्या रागानेच पुढच्या वर्षीचे प्रवाळ कमी करतो, हे त्याला कोणी सांगत नाही.

थायलंडमधल्या फी फी ले बेटावरच्या माया बे या खाडीचे असेच झाले. 2000 साली आलेल्या एका हॉलिवूडच्या चित्रपटाने तिचे चित्र जगभर पोहोचवले: निर्मनुष्य, शुभ्र वाळू, नितळ पाणी. ती निर्मनुष्यता पाहायला दिवसाला काही हजार माणसे जाऊ लागली. प्रत्येकाला वाटे, ही गर्दी इथे कशाला आली! गर्दी म्हणजे नेहमी दुसरेच असतात. प्रवाळांची इतकी हानी झाली की 2018 च्या जूनमध्ये सरकारला ती खाडी बंद करावी लागली. ती उघडली 2022 च्या जानेवारीत, माणसांची संख्या ठरवून आणि होड्यांना समोरून येण्यास मनाई करून. बंद झाल्यावर काही महिन्यांतच काळ्या टोकाच्या परांचे शार्क तिथे पुन्हा दिसू लागले होते. पाव टाकावा लागला नाही.

मग जाऊच नये का? काही सात्त्विक मंडळी असे म्हणतात, पण मला ते सोयीचे वाटते. किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या घरांतली मुले आज होडीवर मार्गदर्शक म्हणून उभी आहेत, कारण पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौकांपुढे त्यांच्या जाळ्यांत मासळी उरत नाही. अभयारण्य जाहीर झाले तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला तोही पोटाच्या भीतीने. त्या मुलाला पाव टाकायला आपण लावले आणि आता पर्यावरणाच्या नावाने त्याची होडीही रिकामी ठेवायची, यात अहिंसा कुठे आहे?

अपरिग्रह म्हणजे वस्तूंचा साठा न करणे, एवढाच अर्थ आपण सहसा घेतो. दृश्यांचाही परिग्रह असतो. चाळीस सेकंदांचे चित्रण, मासा हातावर बसलेला, अंगठा वर. ते खिशात आले नाही तर आपण रिकाम्या हाताने परतलो असे वाटते. हा साठा घरी जागा अडवत नाही म्हणून निरुपद्रवी वाटतो. त्याची जागा समुद्रात अडलेली असते. होडीत बसताना "दादा, पाव टाकू नकोस, मासे आले तर आले" एवढे वाक्य बोलून पाहावे. तो मुलगा बहुधा चकित होईल. कदाचित विश्वासही ठेवणार नाही, कारण असे म्हणून वर आल्यावर तक्रार करणारेही त्याने पाहिले असतील. आणि आठ मिनिटांऐवजी वीस मिनिटे मात्र ठामपणे मागावीत. गढूळ पाण्याला डोळे सरावायला तेवढा वेळ लागतोच. आधी हिरवे धुके दिसते, मग खडकाची कड, मग त्या कडेला स्तब्ध असलेले काहीतरी, जे आपल्याकडे येत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर मालवणच्या होड्या वाळूवर ओढून घेतात आणि झाकून ठेवतात. पुढचे काही महिने किल्ल्याजवळच्या त्या पाण्यात कोणी उतरत नाही. पाणी तेव्हा सर्वांत गढूळ असते.