गव्हाची साक्ष

भाचीनं दुसऱ्या जातीतला मुलगा पसंत केला, तेव्हा घरात बैठक बसली. माझे मामा म्हणाले, "बियाणं शुद्ध राहिलं पाहिजे. कुठल्याही शेतकऱ्याला विचार." समोर वाटीत खपली गव्हाची खीर होती. वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतोय, राहवलं नाही.

"मामा, ही खपलीच मुळात संकर आहे," मी म्हणालो. दोन रानगवतं, प्रत्येकी 14 गुणसूत्रांची. असा संकर सहसा वांझ ठरतो, कारण बीजपेशी घडताना गुणसूत्रांना जोडीदार सापडत नाही. पण इथे गुणसूत्रांचे संचच दुप्पट झाले, प्रत्येकाला जोड मिळाली आणि 28 गुणसूत्रांचा गहू उभा राहिला. पुढे काही हजार वर्षांपूर्वी, कास्पियन समुद्राच्या दक्षिणेकडे, लागवडीतल्या अशाच गव्हाचा तिसऱ्या एका गवताशी संकर झाला. आपल्या रोजच्या पोळीचा, 42 गुणसूत्रांचा गहू तो हाच.

मामा गप्प झाले. मी मात्र रात्री जागाच. कारण मी अर्धीच गोष्ट सांगितली होती.

पोळीच्या गव्हातली तीन कुळांची गुणसूत्रं एकमेकांशी बरीच मिळतीजुळती असतात. ती आपसांत जोड्या लावू लागली, तर पुढच्या पिढीचा दाणा नीट भरणार नाही. हे टळतं ते 5बी या गुणसूत्रावरच्या एका जनुकीय भागामुळे. 1958 मध्ये त्याचा शोध लागला. पीएच-1 हे त्याचं नाव. ज्यानं त्यानं आपल्याच कुळात जोडी जमवावी, हे तो बघतो.

मामांना हे ठाऊक असतं तर?

मी त्यांचा निष्कर्ष खोडला, पण त्यांची रीत मान्य करून बसलो: माणसाचा निवाडा बियाण्यावरून. उद्या गहू एकाच गवतापासून आला असं सिद्ध झालं, तर मी हे लग्न मोडायला निघणार होतो का? गवत कसं तगलं, एवढंच गहू सांगतो. माणसानं कसं वागावं, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. गुणसूत्राला होकार-नकार देता येत नाही, भाचीला येतो. आणि बैठकीत तिला कुणीच बोलू दिलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

सकाळी मामांना फोन करून उरलेली गोष्ट सांगितली. ते हसले, "म्हणजे माझंच बरोबर!"

"नाही मामा. आपण दोघंही गव्हाशीच बोलत होतो. आज पोरीशी बोलू."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, "संध्याकाळी येतो."