वाण कुणाच्या नावाचं?

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झालं. उद्घाटनाचं बोलावणं आधी लेखिका नयनतारा सहगल यांना गेलं होतं. ते मागे घेतलं गेलं, त्यावरून महाराष्ट्रभर वाद पेटला, अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. अखेर उद्घाटन केलं ते वैशाली येडे यांनी. त्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवा स्वतः रंगमंचावर उभ्या राहतात. येडे त्यांच्यातल्या एक.

निमंत्रण मागे घेण्याची चूक त्यानं पुसली गेली नाही. पण त्या दिवशी मांडवात आणखी एक गोष्ट घडली आणि वादाच्या धुरळ्यात तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही. शुभारंभाचा मान एका विधवेला मिळाला होता.

चारच दिवसांनी संक्रांत होती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होतं, तिळगूळ दिला जातो, वाण लुटलं जातं. बायकांनी बायकांना सन्मानानं घरी बोलावण्याचा हा मराठी मुलखातला रुळलेला सोहळा. त्याचं मोल कमी लेखू नये. शेताच्या आणि चुलीच्या रगाड्यातून बाईला बाहेर काढणारी ती कित्येकदा वर्षातली एकच संध्याकाळ असते. पण बोलावणं सवाष्णीलाच असतं. सवाष्ण म्हणजे घरी आलेली गौर, अशी त्यामागची श्रद्धा आहे. प्रश्न उभा राहतो तो इथेच. गौर जर बाईच्या ठायी असेल, तर नवऱ्याचा श्वास थांबल्यावर ती कुठे जाते? दुसऱ्याच्या आयुष्यावर बेतलेला मान हा बाईचा मान म्हणायचा का?

याच जानेवारीत जयंत्यांचाही हंगाम असतो. ३ तारखेला सावित्रीबाई फुले, १२ तारखेला जिजाऊ. ३ जानेवारी महाराष्ट्रात बालिका दिन म्हणून पाळतात. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला विदर्भ-मराठवाड्यातून माणसांचा पूर लोटतो; १९९० साली मराठा सेवा संघ स्थापन झाल्यानंतर तो सोहळा वाढत गेला. पुढे ३१ मेला अहिल्यादेवी होळकरांची जयंती येते. आता या तिघींची चरित्रं शेजारी ठेवून पाहावीत. शहाजीराजे १६६४ मध्ये गेले, तेव्हा सती जायला निघालेल्या जिजाऊंना शिवरायांनी थांबवलं, असं बखरी सांगतात. त्या थांबल्या म्हणून १६७४चा राज्याभिषेक त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. अहिल्यादेवींचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. त्यांचा सगळा राज्यकारभार त्यानंतरचा.

आणि सावित्रीबाई. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक मुलगा यशवंत यानं टिटवं धरू नये म्हणून भाऊबंद आडवे आले, तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं स्वतःच्या हातात घेतलं आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या. हा यशवंत मुळात एका विधवेचा मुलगा. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी या जोडप्यानं १८६३ मध्ये उघडलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाशी त्याची कहाणी जोडलेली आहे. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचं अध्यक्षपद सावित्रीबाईंनी भूषवलं. प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. शेवटची सहा वर्षांहून अधिक काळ त्या विधवा होत्या आणि अखेरपर्यंत काम करत होत्या.

ज्यांच्या प्रतिमेला हार घालायचा, त्या तिघी आज दारात आल्या तर आपल्याच गावातल्या हळदीकुंकवात त्यांना पाट मिळेल का?

धर्म असाच आहे, असं यावर उत्तर येतं. कुठला धर्म? पैनगंगेपलीकडे, यवतमाळच्या वेशीवर माहूरगड आहे. कथेनुसार जमदग्नींची हत्या झाली, परशुरामानं पित्याचे अंत्यसंस्कार इथे केले आणि रेणुका इथेच सती गेली. तिच्या तिथल्या तांदळ्याला, म्हणजे मुखरूपातल्या मूर्तीला, आजही मळवट भरतात. देवीच्या कपाळाला जे चालतं, ते तिच्या पायरीवर बसलेल्या बाईच्या कपाळाला का चालू नये, हा प्रश्न भाविक माणसानंच विचारायला हवा. त्यात एक जास्त कठीण प्रश्नही दडलेला आहे. रेणुकेला देवपण मिळालं ते चितेवर. जिजाऊ मात्र चितेपासून मागे फिरल्या.

याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, तेराव्या शतकात याहून धीट उत्तर मिळालं होतं. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी बाईचा विटाळ मानला नाही, संन्यासाचा मार्ग तिला मोकळा केला. त्यांच्या पंथातली महदाईसा बालविधवा होती. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला, तेव्हा त्यासाठी ‘धवळे’ तिनं रचले. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. जिची सावलीही बोहल्यावर नको म्हणतात, तिच्या तोंडून मराठीतली पहिली ज्ञात लग्नगीतं आली, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिचंच नाव घेतो.

एरवी मात्र बायकांचा इतिहास जुन्या विस्मरणातून वर काढावा लागला. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये छापला गेला. सुरतेकडच्या एका तरुण विधवेला झालेल्या शिक्षेच्या संतापातून तो लिहिलेला होता. तो नंतर हरवला आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केला. संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय महिला वर्षही तेच. १९९६ मध्ये यवतमाळशेजारच्या चंद्रपुरात दलित महिलांच्या परिषदेनं २५ डिसेंबर हा भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पुढे आणला, कारण १९२७ मध्ये त्याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली गेली होती. यवतमाळच्या संमेलनाच्या अध्यक्ष अरुणा ढेरे यांनीही ‘विस्मृतिचित्रे’मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या अशाच विसरल्या गेलेल्या स्त्रिया उभ्या केल्या आहेत.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं पती गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं तो इतर गावांपुढे ठेवला. ठराव कागदावर राहू नये यासाठी गावोगावच्या बायकांनाच झगडावं लागतं.

जागतिक महिला दिन आज ८ मार्चला असतो. १९११ मध्ये युरोपातल्या चार देशांत तो पहिल्यांदा पाळला गेला तेव्हा तारीख १९ मार्च होती. यवतमाळ जिल्ह्याला ती तारीख वेगळ्या कारणानं पाठ आहे. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे, पत्नी मालती आणि चार मुलं यांचा वर्ध्याजवळ अंत झाला. राज्यातली पहिली शेतकरी आत्महत्या असा त्या घटनेचा उल्लेख होतो, एका माणसाची असावी तसा. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवर त्या दिवशी अनेक जण अन्नत्याग करतात. तिथे साहेबरावांचं नाव घेतलं जातं, घेतलंच पाहिजे. मालती करपे हे नावही तितक्याच मोठ्यानं घेतलं जावं.